दोन भाषांच्या घरासाठी स्टोरीवीव्हर: सोलापुरात ते कसं वापरायचं आणि कुठे अडतं

सोलापुरात नवऱ्याची भाषा एक आणि बायकोची दुसरी, याचं कुणाला नवल वाटत नाही. अशोक चौक, दाजी पेठ, साखर पेठ या पूर्व भागात घरात तेलुगू आणि दारात मराठी. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या घरांत कन्नड. यातल्या कुणाचं लग्न मराठी घरात झालं की मुलाच्या वाट्याला जन्मापासून दोन भाषा येतात आणि बालवाडीत पाऊल टाकताच इंग्रजी तिसरी होते. अशा घरांना गोष्टीची पुस्तकं हवी असतात ती मराठी-तेलुगू किंवा मराठी-कन्नड जोडीची. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक द्विभाषिक पुस्तकांत मात्र एका बाजूला इंग्रजी ठरलेली असते. म्हणजे जी भाषा शाळा शिकवणारच आहे तिच्यासाठी अर्धं पान, आणि आजीची भाषा गायब.

ही उणीव भरून काढायला स्टोरीवीव्हर ही मोफत वेबसाइट कामाला येते. निकाल आधीच सांगून टाकतो: एकच गोष्ट मराठीत आणि तेलुगूत, किंवा मराठीत आणि कन्नडमध्ये, शेजारी शेजारी ठेवायची असेल तर याहून सोयीचं साधन सहज हाती लागत नाही. पण मोबाइल मुलाच्या हातात देऊन ‘वाच’ म्हटलं तर घरातली भाषा वाढवायला त्याचा फारसा उपयोग होत नाही. गोष्ट कागदावर उतरली आणि ज्याची भाषा त्याने मोठ्याने वाचली, तरच फरक पडतो. पुढचं सगळं या एका अटीभोवती आहे.

आधी साइटची माहिती थोडक्यात. बंगळुरूच्या प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशन संस्थेने ती २०१५ साली सुरू केली. आज तिथे ३०० हून अधिक भाषांतली चित्रपुस्तकं आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी या सोलापूरच्या पाचही भाषा त्यांत आल्या. पुस्तकांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय ४.० परवाना आहे. त्यामुळे लेखक, चित्रकार, अनुवादक आणि प्रकाशक यांची नावं कायम ठेवून पुस्तक छापणं, झेरॉक्स काढणं, वाटणं आणि त्यात बदल करणं हे सगळं कायदेशीर आहे. झेरॉक्सच्या दुकानात दहा प्रती काढल्या तरी कुणाची परवानगी लागत नाही. पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत २५० शब्दांच्या आत, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत आणि चौथीत त्याहून मोठ्या गोष्टी.

आता घरात भाषा नेमकी कुठे सुटते ते पाहू, कारण पुस्तकं किती आणि कोणत्या भाषेची घ्यायची ते त्यावरून ठरतं. बाबा तेलुगू, आई मराठी, दोघांचं आपसातलं बोलणं मराठीत, गल्लीतली मुलं मराठी-हिंदी बोलणारी, शाळा मराठी किंवा इंग्रजी. अशा घरात तीन वर्षांपर्यंत मूल आजीशी छान तेलुगू बोलतं. शाळा लागली की बाबा तेलुगूत विचारतात आणि मूल मराठीत उत्तर देतं. काही महिन्यांनी बाबाही मराठीवर येतात. मुलाला तेलुगू कळत राहते, पण तोंडातून येत नाही. ‘एका पालकाची एक भाषा’ हा नियम पाळला की झालं, असं बरेच जण सांगतात. ते पुरेसं नाही. बेल्जियममधल्या फ्लँडर्स या डच बोलणाऱ्या भागात भाषा-अभ्यासक ॲनिक डे हाउवर यांनी १,८९९ कुटुंबांची पाहणी करून २००७ साली निष्कर्ष छापले. घरात डचखेरीज दुसरी भाषा बोलली जात असूनही साधारण चौथ्या हिश्शाच्या कुटुंबांत मुलं ती दुसरी भाषा बोलत नव्हती. एका पालकाची एक भाषा पाळणाऱ्या घरांतही यश सुमारे तीन चतुर्थांशच होतं. ज्या घरांत दोन्ही पालक ती भाषा वापरत होते आणि डच फार तर एकच जण बोलत होता, तिथे चित्र कितीतरी चांगलं होतं.

सोलापूरच्या घराला यातून घेण्यासारखं एवढंच: ज्या भाषेला घराबाहेर आधार नाही तिच्याकडे पुस्तकांचं पारडं झुकवा. मराठीचं एक पुस्तक असेल तर तेलुगू किंवा कन्नडची तीन ठेवा. मराठीची बाजू शाळा, शेजार आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी वाचनालयं सांभाळून घेतात. तेलुगूची बाजू आजीखेरीज कुणी सांभाळत नाही.

गोष्ट शोधताना उलट्या बाजूने सुरुवात करा. आधी मराठी गोष्ट निवडली आणि मग ती तेलुगूत शोधायला गेलं की निम्म्या वेळा ती मिळत नाही आणि मन खट्टू होतं. भाषेच्या चाळणीत आधी तेलुगू किंवा कन्नड लावा, पातळी पहिली ठेवा, गोष्ट उघडा आणि ती आणखी कोणत्या भाषांत आहे ते पाहा. मराठी दिसली की दोन्ही पीडीएफ उतरवून घ्या. वाचायला खातं लागत नाही, पण पीडीएफ उतरवायला खातं उघडून लॉगिन करावं लागतं. फाइलना लगेच नावं द्या, दोन्हींना एकच क्रमांक आणि पुढे भाषा. नाहीतर आठवडाभरात फोनमध्ये वीस अनोळखी फाइल साठतात आणि जोडी लागत नाही.

मूल तिसरी-चौथीत असलं तरी सुरुवात पहिल्या पातळीपासूनच करा. मराठी तिसऱ्या पातळीची वाचणाऱ्या मुलाची तेलुगू पहिल्या पातळीची असू शकते, त्यात कमीपणा नाही. शिवाय तेलुगू आणि कन्नडमध्ये प्रत्यय शब्दालाच चिकटत जातात. मराठीत दोन-तीन शब्द लागतात तिथे तेलुगूत एकच लांबलचक शब्द येतो. त्यामुळे शब्दांची संख्या कमी दिसली तरी वाचायला ओळ जड जाते.

छपाईचं गणित सोपं आहे. पहिल्या पातळीच्या पुस्तकात पानावर एक-दोन ओळी असतात, म्हणून ए४ आडवा धरून एका कागदावर दोन पानं बसतात. दुसऱ्या पातळीपासून एका कागदावर एकच पान घ्या, नाहीतर आजीला अक्षर दिसत नाही. काळी-पांढरी प्रत काढताना एक अडचण येते: मजकूर चित्रावर छापलेला असेल तर गडद रंगाच्या जागी अक्षरं बुडून जातात. छापायला देण्याआधी पानं चाळून असं पुस्तक बाजूला काढा किंवा तेवढीच पानं रंगीत काढा. शेवटी श्रेयनामावलीचं पान असतं. ते वगळू नका, परवान्याची अट तीच आहे.

सोलापुरात खरी अडचण येते ती लिपीची. तेलुगू घरातल्या आजच्या आई-बाबांपैकी अनेकांचं शिक्षण मराठीत झालेलं असतं. बोलता फाडफाड येतं, पण तेलुगू अक्षर वाचता येत नाही. कन्नड घरांतही हेच. मग पुस्तक मिळूनही वाचणार कोण? यावर तीन मार्ग आहेत आणि तिन्ही एकत्र वापरले तर काम भागतं.

पहिला मार्ग माणसाचा. आजी-आजोबांपैकी कुणी तेलुगू शाळेत शिकलेलं असतं किंवा हैदराबाद, वरंगल, विजयपूरकडे नातलग असतात. त्यांना पीडीएफ पाठवा आणि पानागणिक वेगळा व्हॉइस मेसेज मागा, सुरुवातीला पानाचा क्रमांक बोलून. सगळी गोष्ट एका दमात वाचलेला मेसेज निरुपयोगी ठरतो, कारण मूल एका चित्रावर रेंगाळलं की आवाज पुढे निघून जातो. तेलुगू आणि कन्नड लिप्या एकाच जुन्या लिपीतून आलेल्या आहेत. कन्नड वाचणाऱ्याला तेलुगूची बरीच अक्षरं ओळखता येतात, म्हणून घरात कन्नड वाचणारं कुणी असेल तर त्यांचीही मदत होते.

दुसरा मार्ग लिपी बदलून घेण्याचा. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर जोडाक्षरं अनेकदा तुटून येतात. त्यापेक्षा पानाचा फोटो काढा, गूगल लेन्सने मजकूर उचला आणि अक्षरमुख या मोफत लिपी-परिवर्तकात तेलुगूतून देवनागरी निवडून चिकटवा. पहिल्या पातळीच्या गोष्टीचं काम एका बैठकीत होतं. लेन्स कधी कधी मिळतीजुळती अक्षरं चुकवतं, म्हणून देवनागरी मजकूर एकदा तेलुगू बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. चूक कानाला लगेच खटकते.

तिसरा मार्ग पट्टीचा, आणि तोच सगळ्यात टिकतो. तेलुगू पानाच्या खाली कागदाची पट्टी चिकटवून त्यावर देवनागरीत ओळ लिहायची. पण नेहमीच्या मराठी सवयीने लिहिलं तर उच्चार बिघडतो. तेलुगू-कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, आणि त्याने अर्थ बदलतो. तेलुगूत नॆल म्हणजे महिना आणि नेल म्हणजे जमीन. कन्नडमध्ये कॊडु म्हणजे दे आणि कोडु म्हणजे शिंग. ऱ्हस्वासाठी ॆ आणि ॊ या खुणा वापरा, हाताने लिहिताना त्या मात्रेखाली बारीक रेघ ओढली तरी चालेल. दुसरी गोष्ट, मराठी वाचणारा शब्दाच्या शेवटचा अ गिळतो. कन्नड मर म्हणजे झाड. ते मराठी तोंडाने वाचलं की भलतंच ऐकू येतं. अशा शब्दापुढे अवग्रह लावा: मरऽ, तलऽ, नॆलऽ. कन्नडमधला च नेहमी ‘चार’मधला, ‘चाक’मधला नव्हे. या तीन गोष्टी पाळल्या तर तेलुगू किंवा कन्नड मुळीच न येणारी मराठी आईसुद्धा पान कानाला बरं वाटेल इतपत वाचून दाखवू शकते.

साइटवर काही पुस्तकांना आवाज जोडलेला आहे, ओळ रंगते आणि सोबत वाचन ऐकू येतं. सगळ्या पुस्तकांना तो नाही. जिथे आहे तिथे तो मोठ्यांनी आधी ऐकावा, उच्चार पक्के करावेत आणि मग फोन बाजूला ठेवून स्वतः वाचावं. मुलासमोर तो आवाज लावून आपण स्वयंपाकघरात जाणं म्हणजे टीव्ही लावणं. पडद्याला उत्तर द्यावं लागत नाही, आणि मुलाची भाषा उत्तर देण्यातूनच तयार होते.

पुस्तकातली भाषा आणि घरातली भाषा यांत अंतर आहे, हे परीक्षणात ठळकपणे सांगायला हवं. सोलापूरची तेलुगू मुख्यतः तेलंगणातून आलेल्या पद्मशाली या विणकर समाजाच्या घरांची. पुस्तकात ‘वस्तुन्नाडु’ (तो येतोय) छापलेलं असतं आणि आजी ‘वस्तुंडु’ म्हणते. कन्नडमध्ये पुस्तकात ‘बरुत्ताने’ (तो येतो) आणि घरात ‘बरतान’. मुलाला पहिली दोन-तीन वर्षं घरच्याच रूपात वाचून दाखवा. पट्टीवर लिहितानाही ‘वस्तुंडु’ लिहा. छापील रूप हेच शुद्ध आणि आजीचं चुकीचं, असा समज एकदा झाला की मूल आजीशी बोलताना बिचकतं, आणि तिच्याशी बोलता यावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. छापील रूप लिपी शिकताना आपोआप भेटेल. साइटवर खातं असेल तर ‘रीलेव्हल’ या सोयीने त्याच भाषेत गोष्ट सोपी करून लिहिता येते. तिचा उपयोग घरच्या बोलीत मजकूर टाकून व्यवस्थित छापून घ्यायला होतो.

वाचायची पद्धतही ठरवून घ्या. एका वाक्याचं लगेच दुसऱ्या भाषेत भाषांतर करत वाचणं हा सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा आहे. मुलाला कळून चुकतं की तेलुगू ओळीनंतर मराठी येणारच आहे, मग ते तेलुगू ओळ सोडून देतं आणि मराठीची वाट पाहतं. तीन-चार दिवस तेच पुस्तक फक्त तेलुगूत, तेलुगू बोलणाऱ्याकडून. त्यानंतर मराठी प्रत, आईकडून, वेगळ्या वेळी. क्रम उलटा करू नका. मराठीत गोष्ट आधी कळली की तेलुगू ऐकायची गरजच उरत नाही.

प्रश्न विचारताना ‘काय दिसतंय सांग’ असा मोकळा प्रश्न सुरुवातीला जड जातो. पर्याय द्या: कुक्का की पिल्ली (कुत्रा की मांजर)? कन्नडमध्ये नायी की बेक्कु? उत्तराचा शब्द प्रश्नातच असतो, मुलाने तो फक्त उचलायचा. मूल मराठीत उत्तरलं तर रागावू नका आणि ‘तेलुगूत सांग’ अशी सक्तीही नको. त्याचंच उत्तर तेलुगूत पूर्ण वाक्यात परत म्हणा आणि पान उलटा. दोन भाषांची सरमिसळ झाली म्हणून घाबरण्याचं कारण नाही. मूल त्या क्षणी जो शब्द हाताशी असतो तो घेतं. समोरच्या माणसाला कोणती भाषा कळते हे अगदी लहान मुलंही ओळखतात.

मराठी प्रतीचं काम वेगळं आहे. तेलुगूत वस्तूंना मराठीसारखी तीन लिंगं नाहीत आणि कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरतं. त्यामुळे ‘तो खुर्ची’, ‘ते चमचा’ अशा चुका या घरांतल्या मुलांच्या मराठीत जास्त काळ टिकतात. चूक दाखवून सुधारण्यापेक्षा वस्तूंवर बोट ठेवून ‘ही खुर्ची मोठी, हा चमचा छोटा’ असं विशेषणासकट वाचणं उपयोगी, कारण विशेषण लिंग उघड करतं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तेलुगू घरातलं मूल सहज पकडतं, कारण तेलुगूतही मेमु आणि मनम् असे दोन शब्द आहेत. आजच्या कन्नडमध्ये दोन्हींना नावु, म्हणून कन्नड घरात तिथे थोडा वेळ द्यावा लागतो.

या जोडप्रतीचा एक फायदा जाहिरातीत कुठे सांगितलेला नाही, तो जोडीदाराला होतो. नवरा आणि सासू मुलाशी तेलुगूत रमले की मराठी सुनेला आपण परक्या झाल्यासारखं वाटतं. घरात तेलुगू बंद पडण्याचं हे मोठं आणि कुणी न बोललेलं कारण असतं. तिच्या हातात त्याच गोष्टीची मराठी प्रत असली, चित्रं तीच, पानं तीच, तर काय चाललंय ते तिला कळतं आणि हळूहळू तीही शब्द उचलते. सोबत एवढं ठरवा: वाचनाच्या वेळी ज्याची त्याची भाषा आणि जेवताना सगळ्यांना कळेल ती. कन्नड सून मराठी घरात आली असेल तरी हीच व्यवस्था, फक्त बाजू उलट.

साइटच्या उणिवा सांगायच्या तर पहिली अनुवादाच्या दर्जाची. तिथे कुणालाही खातं उघडून अनुवाद प्रसिद्ध करता येतो. त्यामुळे काही पुस्तकं सुरेख आहेत, तर काहींत वाक्यरचना ओढूनताणून आणलेली. श्रेयाच्या पानावर अनुवादकासोबत प्रकाशक संस्थेचं नाव आहे का ते पाहा आणि छापण्याआधी दोन पानं मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर पुढचं पुस्तक घ्या, साठा भरपूर आहे. दुसरी उणीव अशी की मुलांच्या तोंडच्या साध्या शब्दाऐवजी कधी कधी संस्कृताळलेला शब्द येतो. पट्टीवर तो बदलून टाका. उर्दू-मराठी घरांसाठी जोडी जुळते, पण उर्दू पान उजवीकडून उघडतं. दोन प्रती पाठीला पाठ लावून शिवल्या तर दोन्ही बाजूंनी मुखपृष्ठ येतं आणि पुस्तक उलट उत्तम होतं.

मराठी-तेलुगू आणि मराठी-कन्नड घरांसाठी, कागदावर उतरवून वापरायच्या तयारीने, पाचपैकी साडेचार. नुसतं फोनवर वापरायचं असेल तर दोनच.

मूल सात-आठ वर्षांचं झालं की अनुवादाची सोय त्याच्याच हाती द्या. मराठी गोष्ट उघडायची, तेलुगू निवडायची आणि पानागणिक आजीला विचारत ओळ लिहायची. तोवर तेलुगू टंकलेखन येत नसेल तर वहीत देवनागरीत लिहून घ्या, नंतर अक्षरमुखने उलट दिशेने तेलुगू लिपीत न्या. गड्ड्याची जत्रा, बतुकम्मा हा फुलांचा सण, मागावर चाललेली चादर असे घरचे फोटो वापरून कोरी गोष्टही रचता येते. ती आधी मसुदा म्हणूनच जतन करा, घरातल्या सगळ्यांनी वाचून झाल्याशिवाय प्रसिद्धीचं बटण दाबू नका. प्रसिद्ध करायचीच ठरली तर श्रेयात मुलाचं पूर्ण नाव आणि शाळा टाकू नका, मुलाचे चेहरे दिसणारे फोटोही नकोत. खुल्या परवान्यावर एकदा गेलेली गोष्ट कोण कुठे छापेल यावर आपला ताबा राहत नाही.